फेरफाराची नोंद

आदिलाबादकडे जमिनीचा वाद उभा राहिला, की आजही १९५४-५५ सालच्या खासरा पहाणीचा उतारा धुंडाळला जातो. कारण त्यानंतर वाटण्या झाल्या, खरेदीखते झाली, तरी मूळ नोंद न खोडता प्रत्येक फेरफार पुढे मांडला जावा, हा महसुली दप्तराचा धर्मच आहे. एकट्याने संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मनुष्यालाही असेच दप्तर अत्यावश्यक असते, आणि ते राखणाऱ्या साधनास ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात.

समजा, इथल्या कापूस बाजारातील एखाद्या अडत्यासाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण आहे. ओलावा ८ टक्क्यांहून अधिक भरल्यास भाव कापण्याचे गणित त्याने दिवाळीपूर्वी हाताळले आणि ऐन हंगामात, बरोबर ८ टक्के ओलावा भरलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतही कपात लागली. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरे फायनल’ अशा फोल्डरांत तो रात्रभर शोधत बसेल. व्हर्जन कंट्रोल असेल, तर जुनी ओळ लाल आणि नवी हिरवी दिसून, ‘पेक्षा अधिक’च्या चिन्हाशेजारी एक बरोबरचे चिन्ह कोणत्या तारखेस शिरले, ते क्षणात कळेल.

साधने अनेक आहेत. ‘सबव्हर्जन’ची नोंद मध्यवर्ती कोठारात होते, ते कोठार दूरच्या सर्व्हरवर असेल, तर नेट गेले की काम अडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेल्या ‘गिट’मध्ये मात्र सारा इतिहास आपल्याच संगणकावर नांदतो. ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसचे कर्ते डी. रिचर्ड हिप यांचे ‘फॉसिल’ एकट्याच्या संसारास फार सोयीचे आहे, कारण अवघे दप्तर एकाच फाइलीत मावते. तरीही माझा कौल गिटलाच आहे. अडचणीत विचारायला माणूस सहज भेटतो, आणि उद्या काम दुसऱ्याच्या हवाली करायचे झाले, तर त्यालाही बहुधा गिटच अवगत असते.

मात्र संगणकच निकामी झाला, तर त्यातील इतिहासही गेला; म्हणून एक प्रत गिटहबसारख्या ऑनलाइन ठिकाणी खासगी ठेवावी, एक पेनड्राइव्हवर, आणि पासवर्ड या दप्तरात कदापि दाखल करू नयेत, कारण मागाहून पुसले तरी ते जुन्या नोंदीत तसेच राहतात. प्रत्येक नोंदीबरोबर शेरा लिहावा लागतो, तो मराठीतही चालतो. त्या तरुणाने तिथे नुसते ‘दुरुस्ती’ न लिहिता ‘ओलावा बरोबर ८ टक्के असता कपात होत होती, ती काढली’ असे लिहावे.