जुना गेम परत आणायचा म्हणजे नक्की काय आणायचं?

गेल्या आठवड्यात पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने तिचं टिपण वाचायला दिलं. शीर्षक होतं, ‘व्हिडिओ गेम कंपन्यांनी जुने गेम रीमेक आणि पोर्ट करावेत का?’ लॅबमधले दोघं-तिघं हसले. मला मात्र विषय आवडला. अडचण विषयात नव्हती, ‘करावेत का’ या दोन शब्दांत होती. त्यावर मत देता येतं, मोजता काही येत नाही. मग कॅन्टीनमध्ये बसून आम्ही तो प्रश्न सोलायला घेतला.

पहिली गोष्ट, पोर्ट आणि रीमेक एकच नाहीत. तोच गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असा करणं म्हणजे पोर्ट. कथा, पात्रं, नकाशा ठेवून सगळं नव्याने बांधणं म्हणजे रीमेक. मधे रीमास्टर असतो, सांगाडा जुना आणि रंगरंगोटी नवी. जुन्या वाड्याची डागडुजी करणं आणि वाडा पाडून त्याच नावाची सोसायटी उभी करणं, यात जो फरक आहे तोच इथे.

आता पोर्ट म्हणजे ‘तोच गेम’ असं मी पटकन लिहून गेलो खरा, पण ‘तोच’ म्हणजे काय? १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. पडद्यावर ५५ एलियन, आणि आतला इंटेल ८०८० प्रोसेसर इतका तुटपुंजा की एका फ्रेममध्ये एकच एलियन हलायचा. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येकाचा नंबर जवळपास सेकंदाभराने लागणार. तुम्ही एलियन मारत गेलात की रांग छोटी होते, नंबर लवकर येतो आणि शेवटी उरलेला एलियन सुसाट पळतो. खेळ संपत आला की छाती धडधडते ती यामुळे. हा वेग हार्डवेअरच्या मर्यादेतून आपोआप आला होता आणि निशिकादोंनी तो तसाच राहू दिला. आज एखादा हुशार प्रोग्रामर हा गेम नव्याने लिहिताना सगळे एलियन एकाच फ्रेममध्ये हलवेल. कोड स्वच्छ होईल, पण गेमचा जीव गेलेला असेल.

सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्यांना पुढचं उदाहरण जास्त टोचेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने जीटीएच्या तीन जुन्या गेमची रीमास्टर आवृत्ती आणली. ‘सॅन अँड्रियास’मध्ये टफ नट डोनट्स नावाचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर भलामोठा नट होता, नट-बोल्टमधला, षटकोनी. नावातला विनोदच तो! नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून गोल करून टाकले, जणू जुन्या ग्राफिक्सला गोल नीट जमला नव्हता. अशा चुकांवर इंटरनेटवर भरपूर हसून झालं. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते. रीमास्टर यायच्या आधीच कंपनीने मूळ तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागून पीसीवरचे मूळ गेम पुन्हा विक्रीला ठेवावे लागले.

इथे आमच्या टिपणाला पहिल्यांदा मोजता येईल असा प्रश्न सापडला: जुन्यापैकी आज रीतसर विकत काय मिळतं?

याचं एक उत्तर छापलेलं आहे. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या संस्थांनी अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी १५०० गेम यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासले. ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत. मिळतात फक्त १३ टक्के. असा आकडा दिसला की तो लगेच प्रस्तावनेत चिकटवायचा मोह होतो. थांबा. एवढ्या सॅम्पलमध्ये अडीच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, ते ठीक आहे. खरा प्रश्न व्याख्येचा आहे. रीमेक मिळत असेल तर मूळ गेम ‘उपलब्ध’ धरायचा का? हे बदललं की आकडा बदलतो. अहवालात मूकपटांशी तुलना आहे, कारण अमेरिकन मूकपटांपैकी १४ टक्केच मूळ स्वरूपात टिकलेत. वाचायला भारी वाटतं, पण तुलना समान नाही. न टिकलेल्या चित्रपटाची फिल्म जळाली किंवा सडली. न मिळणारा गेम मात्र कोणाच्या तरी माळ्यावर सीडीत असू शकतो, फक्त कायदेशीर विकत घेता येत नाही. ज्युनिअरला मी सांगितलं, मुलाखतीत नुसतं ८७ म्हणू नकोस, हेही सांग.

गाण्यांचे परवाने संपणं, विकत घेतलेल्या कंपन्या, मालकीचे घोळ ही कारणं सगळ्यांना सुचतात. मला जास्त धक्का बसला तो सोर्स कोडबद्दल वाचून. २०१२ च्या ‘सायलेंट हिल एचडी कलेक्शन’साठी जो कोड हाती आला, तो अंतिम आवृत्तीचा नव्हताच. मूळ टीमने एकदा काढलेले बग नव्या टीमला परत काढत बसावे लागले. ‘किंगडम हार्ट्स’चा मूळ डेटा हरवला होता, म्हणून एचडी आवृत्तीसाठी बरंच काही पुन्हा बनवावं लागलं. आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’! जॉर्डन मेकनर यांचा १९८९ च्या ॲपल टू आवृत्तीचा कोड कित्येक वर्षं बेपत्ता होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातच फ्लॉपींचा खोका सापडला. जाणकारांनी त्या फ्लॉपी वाचल्या आणि मेकनर यांनी कोड सगळ्यांसाठी खुला केला.

हसू नका, आपली गत वेगळी नाही. पहिल्या वर्षी मला गाइडचा जुना फोरट्रान कोड पायथॉनमध्ये आणायचा होता. म्हणजे पोर्टच. उत्तरं चौथ्या दशांशाला जुळेनात. दोन महिने मी स्वतःलाच मूर्ख समजत होतो. शेवटी कळलं, जुना कोड सिंगल प्रिसिजनमध्ये होता. मूळ कोड समोर होता म्हणून कळलं तरी. एका सीनिअरच्या थीसिसमधला आलेख मला अजून काढता आलेला नाही, कारण त्याचा कोड ज्या पीसीवर होता तो साफसफाईत भंगारात गेला.

माझं मत विचाराल तर कंपन्यांनी रीमेक खुशाल करावेत. पैसे मिळतात म्हणून करतात, त्यात गैर काही नाही. पण रीमेक मुख्यतः त्याच गेमचे होणार जे तेव्हाही खपले होते. बाकीच्यांसाठी मूळ आवृत्ती विक्रीत ठेवणं, निदान वाचनालयांना जपू देणं, हे जास्त गरजेचं आहे. आणि रीमेक आला म्हणून मूळ गेम काढून घेणं मला पटत नाही.

ज्युनिअरने शीर्षक बदललंय: ‘रीमेक आल्यानंतर मूळ गेमच्या उपलब्धतेत होणारा बदल’. पन्नास गेमची यादी तिने केलीये, ‘उपलब्ध’ची व्याख्या अजून दोघांची भांडून व्हायची आहे. मुलाखत गुरुवारी.