ब्राउझरमधील दशावतारी गंजिफा : एका हौशी खेळनिर्मितीचे तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

पत्त्यांचा सचित्र, हलता खेळ ब्राउझरसाठी तयार करणे हा संगणकाच्या हौशी अभ्यासकांचा आवडता छंद आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्याला असा छंद लागला, तर तो साहजिकच परिचित मेंढीकोट किंवा बदाम सातकडे वळेल. प्रस्तुत लेखात मात्र सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचा विचार केला आहे. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने या कलेचे पुनरुज्जीवन केले. चित्रे त्यामुळे टिकली, पण खेळ जाणणारे थोडेच उरले. आज हा संच बहुधा शोभेची वस्तू म्हणून घेतला जातो. चित्रांइतकीच नियमांचीही जपणूक व्हायची असेल, तर त्यासाठी खेळता येणारी गंजिफा हवी.

नियमांची मांडणी :

दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व १० अंकपाने, अशी एकूण १२० वर्तुळाकार पाने असतात. तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पाने मिळतात. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दहाचे अंकपान सर्वांत वरचे, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचा व दश्शा सर्वांत खालचा. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो खेळास आरंभ करतो आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. संगणकाच्या घड्याळावरून हा निर्णय आज्ञावलीला सहज घेता येतो. मात्र सूर्यास्ताची वेळ कोणती धरावी, हे निर्मात्यालाच ठरवावे लागते!

पाने पिसण्याची क्रिया वाटते तितकी सोपी नाही. प्रत्येक पानाची अदलाबदल संपूर्ण संचातील कोणत्याही पानाशी करावी, ही नवशिक्यास सुचणारी पद्धत सदोष आहे. तीन पानांवर तिची परीक्षा करता येते. तीन वेळा तीन-तीन पर्याय म्हणजे २७ मार्ग होतात, परंतु पानांच्या मांडण्या ६ च आहेत. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून काही मांडण्या अधिक वेळा येणारच. १९३८ मध्ये फिशर व येट्स यांनी मांडलेल्या आणि १९६४ मध्ये डर्स्टेनफेल्ड यांनी संगणकास अनुरूप केलेल्या पद्धतीत अदलाबदल फक्त अद्याप न पिसलेल्या पानांतून होते आणि हा पक्षपात नाहीसा होतो.

चलच्चित्रण :

सर्वसाधारण पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात, म्हणजे एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पानाची जागा चित्रांच्या संख्येवरून ठरवली, तर १२० चित्रांच्या पडद्यावर तेच पान दुप्पट वेगाने धावेल. म्हणून गती नेहमी लोटलेल्या वेळेवरून काढावी. उरलेल्या अंशाचा घन एकातून वजा केला, की अर्ध्या वेळात पान ८७.५ टक्के अंतर कापते आणि पुढे हलकेच थांबते. हाताने टाकलेले पान असेच विसावते.

गंजिफेचा गोलाकार येथे उपकारक ठरतो. बोटाचा स्पर्श पानावर झाला की नाही, हे केंद्रापासूनचे अंतर त्रिज्येशी ताडून कळते. चाळीस पाने एकमेकांवर सरकवून मांडलेली असल्याने तपासणी मात्र वरच्या पानापासून, म्हणजे रेखाटनाच्या उलट क्रमाने करावी लागते. पान उलटताना वर्तुळाची रुंदी कोनाच्या कोज्येप्रमाणे घटत जाते. ९० अंशांवर ती शून्य होते आणि त्याच क्षणी पाठीचे चित्र बदलून दर्शनी चित्र आणायचे असते.

खरी अडचण वेगळीच आहे. ब्राउझरचे दुसरे पृष्ठ उघडताच मागे राहिलेल्या पृष्ठाचे चलच्चित्रण थांबते. पान पटावर पोहोचल्यावरच हात कोणी जिंकला हे ठरवणारी आज्ञावली अशा वेळी अडकून पडते. यास्तव निकाल आधी नोंदवावा आणि चित्राने त्याचे अनुसरण करावे. या विभाजनाचा दूरचा लाभही मोठा आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि त्यावर बेतलेले असंख्य हौशी खेळ ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. नियम व चित्रण एकमेकांत गुंतलेले असल्यास असा खेळ जवळजवळ नव्याने लिहावा लागतो.

चित्रांबाबत एक पथ्य आवश्यक आहे. हाती रंगवलेला संच विकत घेतला म्हणजे त्याच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करण्याचा अधिकार मिळत नाही. कारागिरांची लेखी अनुमती मिळेपर्यंत रंगाचे चिन्ह व अंक असलेली साधी वर्तुळे वापरावीत. नियमांच्या चाचणीस तेवढी पुरतात.