खानदेशातील कापूस, कर्ज आणि जमीन : दारिद्र्याच्या कारणांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

विकसनशील देशांतील दारिद्र्याची मीमांसा करताना साधारणतः दोन मते मांडली जातात. भांडवल, तंत्रज्ञान व बाजारपेठ यांचा अभाव हे दारिद्र्याचे मूळ होय, असे पहिले मत आहे. वसाहतकाळात संपत्ती देशाबाहेर गेली हे त्याचे मूळ होय, असे दुसरे मत असून दादाभाई नौरोजी यांनी १९०१ साली ग्रंथरूपाने केलेले विवेचन त्याचा आधार आहे. अलीकडे जमीनधारणा, कायदा व प्रशासन या संस्थांच्या स्वरूपावर अधिक भर दिला जातो. अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये असे दाखविले की, जमीनदारी पद्धत असलेले जिल्हे स्वातंत्र्योत्तर काळातही शेतीच्या उत्पादकतेत मागे राहिले. खानदेशात मात्र जमीनदारी नव्हे, तर रयतवारी होती. शिवाय तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काळी जमीन होती आणि १८६० नंतर रेल्वे व जागतिक बाजारपेठही उपलब्ध झाली. असे असूनही येथील मोठा वर्ग निर्धन का राहिला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रयतवारी आणि रोख सारा

१८०२ मधील होळकरी फौजांची लूट व त्यापाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे खानदेश उजाड झाला होता. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. पुढे मोजणी व प्रतबंदी करून तीस वर्षांसाठी सारा ठरविण्याची पद्धत आली. या मोजणीस १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल व एरंडोल या भागांत रयतेने संघटित विरोध केला. पीक कमी आले तरी सारा ठरलेला आणि तोही रोख रकमेत, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे पावसाची जोखीम मुख्यतः शेतकऱ्याच्या माथी आली आणि हप्त्याच्या वेळी सावकाराकडे जाणे अपरिहार्य ठरले.

कापसाची तेजी आणि मंदी

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव अभूतपूर्व वाढले. याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला आणि जळगाव हे कापसाच्या व्यापाराचे केंद्र बनले. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीच्या काळात वाढलेली पत व त्या बळावर काढलेले कर्ज मात्र कायम राहिले. पावसाच्या जोखमीत आता दूरच्या बाजारातील भावाची जोखीम मिळाली.

रयतवारीने शेतकऱ्यास जमिनीचा जो वैयक्तिक व हस्तांतरणीय हक्क दिला, तोच कर्जाचे तारण ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे केली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परंतु सावकार मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. खानदेश त्याबाहेर राहिला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा तडाखा या कर्जबाजारी प्रदेशास बसला.

पश्चिम खानदेशातील भूमिहीनता

या प्रक्रियेची सर्वाधिक झळ भिल्ल समाजास पोहोचली. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. त्याच सुमारास भिल्लांना शेतीवर स्थिर करण्याचेही प्रयत्न झाले. परंतु हाती आलेली जमीन टिकविण्यासाठी लागणारी पत व कागदपत्रांचे ज्ञान त्यांच्याकडे नव्हते. दुसरीकडे १८७८ च्या वन कायद्याने सातपुड्यातील जंगलावरील त्यांचे वहिवाटीचे हक्क आकुंचित झाले. शहादा-तळोदा भागातील सुपीक जमीन हळूहळू सावकार व सधन शेतकऱ्यांकडे गेली आणि मूळ कसणारा त्याच जमिनीवर सालदार झाला. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जी चळवळ उभी राहिली, तिची मुख्य मागणी गेलेल्या जमिनीची होती. आदिवासींची जमीन परत करण्याविषयीचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा या पार्श्वभूमीवर आला. हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

फड पद्धतीचा प्रतिदाखला

याच प्रदेशात जोखीम वाटून घेणारी व्यवस्थाही होती. पांझरा व तिच्या परिसरातील नद्यांवर लहान बंधारे बांधून गावकरी सामुदायिक सिंचन करीत. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडले जात. एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने पाणी देई. शेतकऱ्याची जमीन सामान्यतः निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई व तूट सर्वांमध्ये विभागली जाई. सारा आणि कर्जरोखा यांत नेमकी हीच सोय नव्हती.

निष्कर्ष

खानदेशातील दारिद्र्य बाजारपेठेच्या अभावातून निर्माण झाले नाही. बाजारात प्रवेश कोणत्या अटींवर झाला, यातून ते निर्माण झाले. पाऊस व भाव यांची जोखीम सर्वांत दुर्बल घटकावर आणि तारणाचा लाभ सबल घटकास, अशी ती रचना होती. वैयक्तिक मालकी हक्क उत्पादकतेस पोषक ठरतो, हे बॅनर्जी-अय्यर यांच्या अभ्यासावरून मान्य केले, तरी पत, विमा व कायदेशीर संरक्षण यांच्या अभावी तोच हक्क भूमिहीनतेचे साधन बनू शकतो. १९७२ मध्ये सुरू झालेली व २००० नंतरच्या दशकात संपुष्टात आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हा भावाची जोखीम शासनाने उचलण्याचा एक प्रयत्न होता. जळगाव व धुळे जिल्ह्यांत कोरडवाहू कापूस आजही मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. म्हणून येथील कोणत्याही दारिद्र्यनिर्मूलन योजनेचे मूल्यमापन करताना ती उत्पन्न किती वाढविते याबरोबरच, पीक बुडालेल्या वर्षी तोटा कोण सोसतो, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.