पिकअपला मोठे टायर बसवताय? आधी एक्सल, ब्रेक आणि आरसी बघा

खंडाळा : पावसाचा जोर धरला की तालुक्यातल्या पाणंदींची काय गत होते हे सांगायला नको. नीराकाठच्या काळ्या रानातून ट्रॅक्टर कसाबसा निघतो, पण पिकअप बांधाच्या अलीकडंच बसते. मग टोमॅटोचे क्रेट, चारा, खताच्या गोण्या डांबरीपर्यंत ट्रॅक्टरनं आणायच्या आणि तिथं पुन्हा गाडीत भरायच्या. या डबल हमालीला कंटाळून बरेच जण पिकअपला मोठे टायर लावायचा आणि मागचा एक्सल दणकट करायचा विचार करतात. मोबाईलवर चिखल उडवत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले की हौस आणखी वाढते.

अडचण एवढीच की आपली पिकअप नुसती रानात फिरत नाही. सकाळी चिखलातून निघालेली गाडी रात्री माल घेऊन पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जाते, नाहीतर खंबाटकी घाट चढून वाई-साताऱ्याला जाते. म्हणून बदल करताना चिखल आणि हायवे, दोन्हीचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

मोठ्या टायरनं नक्की किती उंची मिळते?

टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. यात २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के एवढी टायरच्या भिंतीची उंची आणि १५ म्हणजे डिस्कचा इंची व्यास. या टायरची जमिनीपासून वरपर्यंतची उंची साधारण ७०३ मिलीमीटर भरते.

त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७३३ होते. वाढ ३० मिलीमीटरची, पण एक्सल चाकाच्या मधोमध असल्यानं तो निम्माच, म्हणजे दीड सेंटीमीटर वर जातो. ३१ इंची टायर घातला तर उंची ७८७ होते आणि एक्सल सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास उचलला जातो. दगडगोट्याच्या वाटेवर याचा उपयोग आहे. पण वीतभर चिखलात रुतलेल्या गाडीला सव्वाचार सेंटीमीटरनं फार फरक पडत नाही. तिथं टायरची नक्षी आणि दोन्ही चाकांना मिळणारी ताकद जास्त कामाची.

मोठा टायर म्हणजे लांब पान्हा

घट्ट नट खोलताना लांब पान्हा घेतला की नटावर जोर जास्त येतो. मोठ्या टायरचं तसंच आहे. ७०३ वरून ७८७ वर गेलं की चाक जवळपास १२ टक्क्यांनी मोठं होतं. तेवढीच ओढ द्यायची तर एक्सलला १२ टक्के जादा पिळ सोसावा लागतो. टायरचं स्वतःचं वजन वाढतं ते वेगळंच. चिखलात गरगर फिरणारं जड चाक अचानक दगडावर धरलं की तो झटका थेट शाफ्टवर येतो. शाफ्ट तुटतो तो बहुतेक अशाच वेळी.

इंजिनाला सगळे गिअर एक पायरी जड झाल्यासारखे वाटतात. चढाला गिअर लवकर पाडावा लागतो, क्लच जास्त दाबला जातो आणि लवकर जळतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६७ नं पळत असते. किलोमीटरही कमी पडतात, त्यामुळं अॅव्हरेजचा अंदाज चुकतो.

यावर इलाज म्हणजे क्राऊन-पिनियनचा रेशो बदलणं. मूळ ४.१ असेल तर एवढ्या टायरला तो साडेचारच्या पुढं न्यावा लागतो. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो सारखाच ठेवावा लागतो. नाहीतर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स फुटतो.

एक्सल दणकट म्हणजे काय?

मागचे एक्सल ढोबळमानानं दोन जातीचे. एकात शाफ्ट चाकही फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. याला सेमी फ्लोटिंग म्हणतात. शाफ्ट तुटला की चाकच निखळून बाहेर येऊ शकतं. दुसऱ्यात वजन हौसिंग आणि हब पेलतात, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. हा फुल फ्लोटिंग. यात शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध पुढं आलेला हब आणि त्यावर गोलाकार छोटे बोल्ट दिसतात, ती फुल फ्लोटिंगची खूण.

पण नुसता शाफ्ट जाड करून भागत नाही. शाफ्ट मजबूत झाला की झटका क्राऊन-पिनियनवर जातो, ते टिकलं तर जॉइंटच्या क्रॉसवर, तिथून क्लचवर. जिथं कच्चं असेल तिथं तुटणार. बाहेर काढलेल्या रुंद डिस्क लावल्या तर चाकाच्या बेअरिंगवर आणखी ताण येतो. पाटे वाढवले तर भरलेली गाडी दबत नाही हे खरं, पण रिकामी गाडी मागून उडते आणि ओल्या रस्त्यावर सरकते.

आणखी एक गोष्ट. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरायला लागलं की ते नुसतंच फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. पिकअप रुतते ती मुख्यतः यामुळं. टायर कितीही मोठा केला तरी हा दोष जात नाही. त्यावर लॉक होणारं डिफरन्शियल किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी हाच उपाय. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा अशा गाड्यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या कंपनीनंच काढलेल्या आहेत. गाडी बदलायचा विचार असेल तर जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी तशी गाडी बघावी.

घाट उतरताना काय होतं?

चाक मोठं झालं, पण ब्रेक तोच राहिला, तर रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद साधारण दहा-अकरा टक्क्यांनी कमी होते. पुण्याकडं जाताना कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. ब्रेक तापून अपघात होण्यासाठी तो सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका अवजड वाहनानं एकापाठोपाठ कितीतरी गाड्या उडवल्या होत्या.

उंचीचंही तसंच. गाडी उचलली की मालाचा भारही वर जातो आणि वळणावर गाडी लवकर कलते. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की एस आकाराचं वळण येतं. एप्रिल २०१८ मध्ये तिथं मजुरांचा टेम्पो उलटला आणि अनेकांचा जीव गेला. तो टेम्पो काही असा बदललेला नव्हता, पण उतार आणि वळण एकत्र आलं की भरलेली गाडी किती सहज आडवी होते हे तिथं दिसलं. आपल्याकडं हौद्यात मजूर बसवून न्यायची सवय आहे. उंच केलेल्या गाडीत तर हे बिलकुल करू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदवलेली माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला दिलेला टायर सहसा अडचणीचा ठरत नाही, तरी साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्यावं. विमा कंपनीला न कळवता मोठे बदल केले तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

एक्सल दणकट केला म्हणून जादा माल भरायची परवानगी मिळत नाही. आरसीवर मालासह जेवढं वजन लिहिलंय तेवढंच. जादा भरल्यास केंद्रीय कायद्यात वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे.

मग करायचं कसं?

१. आधी गाडी नेहमीच्या मालासह वजनकाट्यावर घालावी. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोलावीत. मागच्या एक्सलवर खरा भार किती हे तिथंच कळतं.

२. टायर घेताना त्यावरचा भार आकडा वाचावा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. दिसायला मोठा पण कमी भाराचा टायर घेऊ नये.

३. शक्यतो एकच माप वर जावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून टायर मडगार्डला घासतो का ते बघावं.

४. त्याहून मोठा टायर हवाच असेल तर ब्रेक, रेशो, एक्सल, बेअरिंग या सगळ्याचं एकत्र अंदाजपत्रक घ्यावं. नुसत्या टायरच्या किमतीवर निर्णय घेऊ नये.

५. कामाला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावं. उत्तर लेखी घ्यावं.

खर्च करण्याआधी स्वस्त उपायही करून बघावेत. चांगल्या नक्षीचे टायर, ओढायला मजबूत पट्टा, चाकाखाली घालायला दोन फळ्या. रिकामी गाडी चिखलातून काढताना हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, मात्र डांबरीवर येताच आणि माल भरण्याआधी ती पुन्हा पूर्ण भरलीच पाहिजे.

आणि पाणंद एकाच गाडीपुरती नसते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. वाटेवरचे दहा-पंधरा खातेदार मिळून ग्रामपंचायतीत गेले आणि वाटेवर मुरूम-खडी पडली, तर सगळ्यांच्याच गाड्या आहे त्या टायरवर शेतापर्यंत जातील.