घोडा कोणाचा?

पाचगणीच्या टेबल लँडवर सुटीच्या दिवसांत सकाळपासून घोडे उभे असतात. जांभ्याचं ते उघडं पठार, सावलीला झाड नाही. पर्यटकांचं पोर खोगिरावर बसतं तेव्हा त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोचत नाहीत. मग घोडेवाला पट्टा वर ओढून आखूड करतो आणि लगाम धरून शेजारून धावत फेरी मारून आणतो. फेरीचे पैसे ठरलेले. त्यातून चंदी-वैरण, नालबंदाची मजुरी आणि घर, सगळं भागवायचं. घोडा स्वतःचा असेल तर निदान हिशेब तरी आपला असतो.

घोड्यांवरच्या जगप्रसिद्ध बालकादंबऱ्या मी पुन्हा वाचल्या त्या याच हिशेबाच्या नजरेने. ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ 1877 साली आली. चौदाव्या वर्षी पाय दुखावल्यापासून स्यूएलला धड चालता येत नव्हतं. घोडागाडी हाच तिचा आधार होता. पुस्तक तिने लिहिलं ते मुलांसाठी नव्हे, तर मोतद्दार आणि गाडीवानांसाठी. त्यातला घोडा स्वतःच आपली हकिगत सांगतो. पण मला त्यातला सॅम नावाचा लंडनचा गाडीवान विसरता येत नाही. गाडी-घोडे मालकाचे, रोजचं अठरा शिलिंग भाडं आधी सुटायला हवं, मग स्वतःची मिळकत. म्हणून तो दमलेल्या घोड्यालाही दामटतो. स्यूएल त्याला खलनायक करत नाही. घोड्याचे हाल माणसाच्या दारिद्र्यातून कसे येतात, हे तिने मुलांच्या हाती पडलेल्या पुस्तकात सांगून टाकलं.

पुढे अमेरिकेत गुराख्यांच्या, रँचवरच्या कादंबऱ्या आल्या. विल जेम्सच्या ‘स्मोकी’ला 1927 चं न्यूबेरी पदक मिळालं. माळावर वाढलेला हा घोडा चोरीला जातो, रोडिओत स्वार पाडायच्या कामी लागतो आणि थकल्यावर भाड्याने फिरवला जातो. हे भाड्याचे दिवस पाचगणीच्या वाचकाला परके वाटणार नाहीत. मेरी ओहाराच्या ‘माय फ्रेंड फ्लिका’त (1941) वायोमिंगमधल्या दहा वर्षांच्या केनला शिंगरू मिळतं. त्याच्या बापाची घोड्यांची पैदास आतबट्ट्याची, घरात पैशाची चणचण. फ्लिका तारांच्या कुंपणात फाटते, तेव्हा तिला वाचवणं हा त्या घराला न परवडणारा हट्ट असतो. कादंबरी उभी आहे ती या हट्टावर.

मराठी मुलांच्या वाट्याला घोडा आला तो छत्रपतींचा, बाजीरावांचा, खंडोबाचा. फार तर वारीतला. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. त्यातल्या एकावर कोणी बसत नाही. ती जागा माउलींची. रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. हे वैभव मोठंच आहे. पण ज्याला खरारा करायचा, ज्याची लीद काढायची, ज्याच्या दाण्यासाठी उसनवारी करायची, असा घोडा आपल्या बालसाहित्यात जवळजवळ फिरकलाच नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सायकल मिळाली. घोडेवाल्याच्या मुलाला कादंबरी मिळाली नाही. खरं तर घोडा कोणाचा, हा प्रश्न मराठ्यांच्या फौजेने केव्हाच व्यवहारात आणला होता. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार. पगार त्याप्रमाणे, मानही त्याप्रमाणे.

आपल्याकडे रँच कुठे, असं कोणी विचारलं तर मी माण, फलटण, आटपाडीकडे बोट दाखवीन. दिवाळीच्या सुमारास तिथल्या धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातं, कोणी दुसरीकडे. बिऱ्हाड घोड्यावर. पाल, भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि त्या ओझ्यावर बसवलेलं मूल. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे भीमथडी जनावर ठेंगणं, काटक, ओझ्याला खंबीर. एके काळी मराठी घोडदळाची भिस्त याच्यावर होती. स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची नोंद मात्र अगदी अलीकडे झाली. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. त्या ओझ्यावरच्या मुलाने पाहिलेला मुलूख केनच्या वायोमिंगपेक्षा तसूभरही कमी नाही.

पाचगणीची कादंबरी मात्र मी पावसाळ्यात सुरू करीन. पर्यटक पांगलेले, पठारावर धुकं, फेऱ्या बंद. घोडा खातो तेवढंच. अशात ग्लँडर्सची शंका येते. हा रोग घोड्यातून माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावं लागतं. 1899 साली इंग्रजांनी त्यासाठी कायदा केला होता. मारण्याचा नियम आजही कायम आहे. 2006 मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला, तेव्हा घोड्यांवर रक्ततपासणीची पाळी आली. माझ्या कादंबरीतही नमुना प्रयोगशाळेत गेलाय, अहवाल यायचाय. बाप नुकसानभरपाईची चौकशी करतोय, आणि दहा वर्षांची मुलगी तबेल्यात जायला बंदी असताना तोबरा भरून निघाली आहे. हे पहिलं प्रकरण पाचगणीतल्याच कोणीतरी लिहावं, घोडेवाल्याच्या घरातल्या कोणी लिहिलं तर फारच उत्तम.