चिंचोके, खोकी आणि काड्यापेटी

उन्हाळ्यात वर्षभराची चिंच फोडून झाली की मागे चिंचोक्यांचा ढीग उरतो. एखादा चिंचोका खरबरीत फरशीवर घासत राहिलं की एका बाजूचं तपकिरी साल निघतं आणि आतला पांढरा भाग दिसू लागतो. घासताना तो चांगलाच तापतो. तो तापलेला चिंचोका शेजारी बसलेल्या भावंडाच्या हाताला लावून चटका देणं, हा या कामातला ठरलेला खोडसाळपणा. असे चार चिंचोके घासून झाले की चल्लसआठचे फासे तयार. जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, सोंगट्या म्हणून बटणं, खडे, बांगडीचे तुकडे, जे हाताशी असेल ते घ्यायचं. चारही पांढऱ्या बाजू वर आल्या तर चार, चारही काळ्या आल्या तर आठ.

या खेळाला खर्च काहीच नाही. पण पाच-सहा वर्षांचं मूल त्यातून मोजायला शिकतं, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं आणि सोंगटी मारली गेली तर रडू आवरायलाही शिकतं. विकत आणलेल्या, बटण दाबलं की स्वतःच गाणाऱ्या-नाचणाऱ्या खेळण्यापुढे मुलाला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून ते चार दिवसांत कोपऱ्यात जातं आणि आई-वडील दुसरं आणतात.

खेळण्यांची संख्या वाढली म्हणून खेळ वाढत नाही, याला संशोधनाचाही दुजोरा आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना कधी चार, तर कधी सोळा खेळणी देऊन पाहिलं. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास छोटा आहे, पण घरातली अर्धी खेळणी माळ्यावर ठेवून महिन्याभराने ती खाली काढायची आणि उरलेली वर टाकायची, एवढं तर कुणालाही करून पाहता येईल. महिन्याने खाली आलेली जुनी गाडी मुलाला पुन्हा नवी वाटते.

हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरी पद्धतीची तयार साधनं महाग, ती त्या पाड्यांवर कुठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं हीच साधनं मानली. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हे सगळं त्यातून हाताला कळत होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावं, असं ठरवून त्यांनी अंगणवाडी सुरू केली. स्वस्त साधन म्हणजे दुय्यम साधन, असं त्या दोघींनी कधी मानलं नाही, आणि त्यांच्या कामातली ही गोष्ट आजच्या पालकांनी आवर्जून घ्यावी अशी आहे.

दुसरं मोठं नाव अरविंद गुप्ता यांचं. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी वालट्यूब यांपासून जोडखेळ तयार केला. वालट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, गुल खरवडून काढलेल्या काड्यांची टोकं त्यांत दोन्हीकडून खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरका होतो. हे पुस्तकात वाचण्याआधी हाताला कळलं की मुलं विजेच्या मनोऱ्यात, पत्र्याच्या शेडच्या छपरात, रेल्वेच्या पुलात आपोआप त्रिकोण शोधू लागतात. पुढे गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची, याची कृती आणि चित्रफिती त्यांनी मराठीसह अनेक भाषांत संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत ठेवल्या आहेत.

पळण्या-खेळण्यासाठी शहरात मात्र अंगणच नाही, ही खरी अडचण. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यासमोर तासाभराहून जास्त बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. पावसाळ्यात, दोन खोल्यांच्या घरात, तीन तास हालचाल कशी होणार? जुनी ओढणी पिळून जमिनीवर नागमोडी पसरली की तो झाला पूल. पाय खाली न टेकता पलीकडे जायचं. जुने मोजे गुंडाळले की चेंडू होतात. ते तीन पावलांवरून बादलीत टाकायचे, जमलं की एक पाऊल मागे. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडी घालत जायचं, परतताना बेडकासारख्या उड्या मारायच्या. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून सतरंजी अंथरावी.

आणि खोकी. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशिनचं मोठं खोकं घरी आलं तर ते लगेच भंगारवाल्याला देऊ नये. अमेरिकेत रोचेस्टर इथल्या खेळविषयक संग्रहालयाने खेळण्यांच्या मानाच्या यादीत २००५ साली पुठ्ठ्याचं खोकं आणि २००८ साली साधी काठी समाविष्ट केली, ती उगाच नव्हे. खोक्याला खिडकी कापून द्यावी, पण ती कुठे हवी ते मुलाला ठरवू द्यावं. ते आज दुकान असेल, उद्या एसटी. कंडक्टर झालेल्या मुलाला तिकिटं लागतात, सुटे पैसे लागतात, आजोबांना उतरायचं कुठे हेही विचारावं लागतं. भाषा वाढते ती अशीच.

स्वयंपाकघरात तर खेळ शिजतच असतो. कणीक मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा मुलाला द्यावा. मटार सोलायला बसवावं, शेंगेत किती दाणे निघतील ते आधी ओळखायला सांगावं. न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी बारीक भोक पाडून पाणी भरावं: झाकण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. वरून हवा आत शिरली तरच पाणी सुटतं, हे कारण चार वर्षांच्या मुलाला लगेच सांगायची घाई नको. ते दहा-पंधरा वेळा झाकण उघडेल, लावेल आणि स्वतःच काहीतरी कारण सांगेल. ते चुकलेलं असलं तरी आधी नीट ऐकावं.

काळजी घ्यायलाच हवी अशा काही गोष्टी आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी, बटणं, मटार, वालट्यूबचे तुकडे देऊ नयेत. ती तोंडात नाही तर नाकात घालतात. राजमा-हरभऱ्यासारखा दाणा नाकात अडकला तर ओलाव्याने फुगतो आणि घरच्या घरी निघत नाही. गाणाऱ्या खेळण्यांतली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, म्हणून शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावं. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये.

पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सागरगोटे आणावेत. काष्ठौषधींच्या दुकानात ते अजूनही मिळतात: राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या टणक बिया. पाच पुरतात. सुरुवातीला एकच वर उडवून झेलायचा. तो जमला की उडवलेला खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन. आजीला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर पलंगावर चादर ताणून खेळता येतं.