डॉल्बी, कान आणि सात-साठ-आठ

सातारा-सांगली भागात 'डॉल्बी' म्हणजे काय, हे लहान मुलालाही ठाऊक असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत! गंमत अशी, की मूळचा डॉल्बी नेमका उलट कामासाठी होता. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी.

2014 साली साताऱ्यात गणेश विसर्जनाच्या वेळी भिंत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. डॉल्बीच्या हादऱ्यांनी ती पडली, असे तेव्हा म्हटले गेले. पडलेली भिंत सर्वांना दिसते. कानाच्या आतली पडझड मात्र कुणालाच दिसत नाही. ती कशी होते?

आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. ही थरथर तीन इवल्या हाडांमार्फत आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत पोचते. नळीत द्रव असतो आणि सुमारे 15,000 केशपेशी असतात. द्रव हलला की या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. झुळकेने ज्वारी वाकते, पुन्हा उभी राहते. वादळात मात्र आडवी होते. केशपेशींचेही तसेच. मिरवणुकीहून आल्यावर कानात दडे बसतात, 'सूं' असा आवाज येत राहतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून आपण विसरून जातो. पण असे वारंवार झाले तर काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

किती आवाज सोसतो? इथे डेसिबेलचे गणित समजून घ्यायला हवे. 10 डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा 10 पट होते. 3 वाढले की जवळजवळ दुप्पट. कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा अशी: 85 डेसिबेलला दिवसातून 8 तास. पुढे दर 3 डेसिबेलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2 तास. 100 ला किती? विद्यार्थ्यांना फळ्यावर करू द्या. उत्तर येते 15 मिनिटे. स्पीकरच्या भिंतीपुढे आवाज शंभरच्या सहज पुढे जातो, आणि मुले तिथे तासन् तास नाचतात.

या नुकसानीत उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीचे, ते ऐकू येतात. 'स', 'त', 'ठ' यांची ओळख पटवणारा भाग उंच पट्टीचा. मग सात, साठ आणि आठ सारखेच वाटू लागतात. 'ऐकू येतं, पण कळत नाही', अशी तक्रार सुरू होते. वर्गात अशा मुलावर 'लक्ष नाही' असा शिक्का बसतो.

शिक्षकांना एक सोपी चाचणी करता येईल. शांत खोलीत मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा आणि हेच तीन आकडे उलटसुलट क्रमाने कुजबुजा. मग दुसरा कान. बऱ्याच चुका झाल्या तर पालकांना सांगून कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. कारण नुसता मळ किंवा सर्दीही असू शकेल. मोठ्या आवाजानंतर अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी जायला हवे.

बचावाचे मार्ग तीन: अंतर, वेळ आणि आडोसा. स्पीकरपासून लांब राहणे, मधूनमधून बाजूला जाणे आणि फोमचे बोळे कानात नीट बसवणे. कापसाने फारसे काही थांबत नाही. इअरफोनचा आवाजही बेताचाच हवा. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा आहे. मंडळाच्या बैठकीत हे आकडे आपणच मांडायला हवेत. कारण बहुतेक मंडळांतले कार्यकर्ते आपलेच माजी विद्यार्थी असतात.